वणव्यातील ऐकणे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली घोषित झाले. सुमारे 361 चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ प्रदेशात पावसाळ्यात माजलेले गवत फाल्गुनापर्यंत वाळून खडखडीत होते आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगीची ठिकाणे राज्यांच्या वन विभागांना कळवत आली आहे. परंतु त्यांतील एक प्रमुख उपग्रह एखाद्या जागेवरून दुपारी व रात्री दीडच्या सुमारास जातो, आणि तेवढ्या अवधीत वाळल्या गवतातील आग अख्खा डोंगर फस्त करू शकते. मधल्या तासांत आग कोणीकडे वळली हे डोंगरावरची माणसे एकमेकांना बिनतारी संचावरून, म्हणजे वॉकीटॉकीवरून, कळवतात.

या संचाच्या लहरी साधारणतः नजरेच्या टप्प्यात सरळ जातात. त्यामुळे 1646 मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावरून बोललेले दूरवर ऐकू येत असले, तरी सांदण दरीसारख्या घळीत उतरलेल्याचा आवाज कड्याआड अडतो. अशा वेळी उंचावर बसवलेला रिपीटर, म्हणजे एका वारंवारतेवर आलेला संदेश दुसरीवर पुढे पाठवणारे यंत्र, किंवा धारेवर उभा राहून निरोप पुढे सांगणारा माणूस लागतो. मोबाइलवरचे बोलणे बहुधा दोघांपुरते राहते, तर येथे एकाचा निरोप त्या चॅनेलवरील सर्वांच्या कानी पडतो, आणि हेच या साधनाचे खरे बळ आहे. मात्र एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले, तर क्षीण आवाज बुडतो. बटण दाबताक्षणी बोलू लागल्यास पहिले अक्षर तुटते, आणि ते लवकर सोडल्यास शेवटचा शब्द जातो; मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येत असल्याने ‘वर चढू नका’मधले ‘नका’ गळाले, तर उरलेला निरोप नेमका उलटा होतो.

चढणीवर आग वेग घेते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जातात. म्हणून आगीच्या वर उभ्या असलेल्या तुकडीला इशारा सर्वांत आधी मिळाला पाहिजे. अमेरिकेतील मॅन गल्च येथे 5 ऑगस्ट 1949 रोजी 13 वणवाशमन जवान चढणीवरच्या वणव्यात सापडून मृत्युमुखी पडले. त्यांच्यासाठी विमानातून टाकलेला रेडिओ, पॅराशूट न उघडल्याने, आधीच फुटला होता. पुढे 1991 मध्ये पॉल ग्लीसन या अनुभवी वणवाशमन अधिकाऱ्याने टेहळ्या, संपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा या चार गोष्टी एकत्र मांडल्या. त्यांपैकी पहिल्या दोन परस्परांवाचून व्यर्थ आहेत, कारण टेहळ्याने पाहिलेले खालच्याने ऐकले नाही, तर पाहण्याचा उपयोग उरत नाही.

सह्याद्रीत आग विझवण्याचे काम ओल्या फांद्यांनी झोडपून, तसेच खांद्यावरच्या ब्लोअरने, म्हणजे वाऱ्याच्या झोताने पाला बाजूस सारणाऱ्या इंजिनाने, केले जाते. त्याच्या घरघरीत कमरेचा संच ऐकू येणे अवघड असते, आणि ब्लोअर चालवणारा तर आगीच्या सर्वांत जवळ असतो. शिवाय वणवा विझवायला वनरक्षकांबरोबर गावकरीही धावतात. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 नुसार राखीव वा संरक्षित वनात हक्क असणाऱ्यांवर तसे बंधनही आहे. त्यामुळे प्रत्येक गटात एक संच आणि तो कानाशी धरून केवळ ऐकणारा, हातात फांदी किंवा ब्लोअर नसलेला एक माणूस असायला हवा, आणि आलेला निरोप त्याने इतरांना मोठ्याने सांगण्याची तालीम हंगामापूर्वी, जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळ्या केलेल्या पट्ट्या, काढण्याच्या दिवसांतच व्हायला हवी.