कोलकात्याच्या पूर्वेची तळी

नगररचना म्हटली की रुंद रस्ते, उंच इमारती आणि भव्य पूल डोळ्यांसमोर उभे राहतात. नगराने वापरून टाकलेले पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे एक बोलके उत्तर कोलकात्याच्या पूर्वेस सापडते.

हुगळी नदी कोलकात्याच्या पश्चिमेस वाहते. परंतु जमिनीचा उतार आहे पूर्वेकडे. म्हणून इंग्रजी अमदानीत शहराचे सांडपाणी कालव्यांनी पूर्वेच्या बिद्याधरी नदीकडे नेण्यात आले. गाळाने भरून ती नदी १९२८ साली मृत ठरली. समुद्राचे खारे पाणी येईनासे झाले आणि तेथील मत्स्यशेती संकटात सापडली. तेव्हा तेथील लोकांनी सांडपाण्यावरच मासे वाढविण्याची युक्ती साधली.

ही युक्ती मोठी साधी आहे. उथळ तळ्यांत सांडपाणी बेताबेताने सोडावयाचे. सूर्यप्रकाशात सूक्ष्म जीवाणू त्यातील घाणीचे विघटन करतात. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांवर शेवाळ वाढते आणि पाण्याला प्राणवायू देते. त्या खाद्यावर रोहू, कटला यांसारखे मासे पोसतात. काठावरची जलपर्णी लाटांचा मार सोसून बांध राखते. निवळलेले पाणी पुढे भातशेतीस जाते. अशा रीतीने शहराने टाकलेले शहराच्याच ताटात अन्न होऊन परत येते.

अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे मोल जगापुढे मांडले. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पाणथळीची रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून नोंद झाली.

परंतु मान मिळाला म्हणून भय टळले असे नव्हे. १९६० च्या दशकात पाणथळीचा उत्तरेकडील भाग बुजवून सॉल्ट लेक ही वसाहत उभारण्यात आली. पुढे १९९२ चा उच्च न्यायालयाचा निर्णय आणि २००६ चा कायदा यांनी उरलेल्या तळ्यांना संरक्षण दिले. तरीही जमिनीचा लोभ सुटलेला नाही. शिवाय कारखान्यांतील विषारी धातू शेवाळाला पचविता येत नाहीत. ते उगमापाशीच अडविले पाहिजेत.

तळे बुजविले म्हणजे केवळ पाणी नाहीसे होत नाही. शहराची सेवा करणारा एक मुका कामगार नाहीसा होतो. त्याचे काम यंत्रांकडून करून घ्यावयाचे तर पैसा आणि वीज दोन्ही लागतील. मासा मात्र ती यंत्रे देणार नाहीत.