आदर्शांचा खर्च कोणी सोसला?

शांता शेळके यांनी मराठीत आणलेल्या 'चौघीजणी'मुळे मार्च भगिनी आपल्याकडील अनेक घरांत आप्तांसारख्या वावरल्या. त्या कादंबरीतील दारिद्र्य मोठे सोज्वळ आहे. वडिलांनी एका अडचणीतील मित्रासाठी मालमत्ता गमावलेली आहे आणि कथेच्या आरंभी ते युद्धावर गेलेले आहेत. मूळ लेखिका लुइझा मे ऑल्कट हिच्या घरचे दारिद्र्य मात्र निराळे होते. तिचे वडील धडधाकट होते, विद्वान होते. मिळवते तेवढे नव्हते.

लुइझाचा जन्म 1832 मधला. चार बहिणींत ती दुसरी. वडील ब्रॉन्सन ऑल्कट हे शेतकऱ्याचे पुत्र. तरुणपणी फेरीवाले, पुढे शिक्षक. मुलाला छडीने नव्हे, संवादाने शिकवावे, असे त्यांचे मत. बॉस्टनमधील त्यांची शाळा प्रथम गाजली. पण धर्मविषयक संवाद त्यांनी छापताच पालक बिथरले. पुढे एका कृष्णवर्णीय मुलीला शाळेत प्रवेश दिल्यावर उरलेली मुलेही गेली. त्यांनी तत्त्व सोडले नाही. या धैर्यापुढे आजही मान लववावी लागते.

परंतु 1843 साली फ्रूटलँड्स येथे मांडलेल्या सामुदायिक संसाराची कथा वेगळी आहे. मांसाहार नाही, दूध नाही. जनावरांचे म्हणून लोकर नाही आणि गुलामांच्या श्रमाचा म्हणून कापूसही नाही. नांगराला बैल जुंपणे हेसुद्धा पाप! लुइझा तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे तिने या प्रयोगाचा विनोदी वृत्तान्त लिहिला. त्यात वादळ घोंघावत येते, तत्त्वज्ञ पुरुष प्रवासाला गेलेले असतात आणि आई मुलींना घेऊन कापलेले धान्य घरात आणते. हिवाळ्यात सारा प्रयोग कोलमडला.

अर्थशास्त्राच्या वर्गात पिगू यांचे एक उदाहरण आम्ही नेहमी सांगतो. गृहस्थाने आपल्या पगारी घरकामकरणीशीच विवाह केला, की राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, पण ते हिशेबाच्या वहीतून नाहीसे होते. ऑल्कटांच्या घरची वही अशीच होती. आई ॲबिगेल माहेरचा वारसा आणि भावाचे साहाय्य यांवर संसार रेटीत होती. पुढे बॉस्टनमध्ये तिने गरिबांच्या साहाय्यकार्यात पगारी काम केले. लुइझाने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या; एका घरी सात आठवडे मोलकरीण म्हणून राबल्यावर तिच्या हाती अवघे चार डॉलर पडले. व्याख्यानांच्या दौऱ्यावरून वडील 1854 मध्ये परतले, तेव्हा त्यांच्या खिशात एक डॉलर होता.

मग हे वडील केवळ स्वार्थी होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रोजनिशी लिहिण्याची सवय याच घराने लावली; इमर्सन यांचा ग्रंथसंग्रह आणि थोरो यांचा सहवास मुलींना याच घरामुळे लाभला. मुलीला लिहिता यावे म्हणून वडिलांनी स्वहस्ते मेज बनवून दिले. मुलीच्या लेखणीवर त्या काळी इतका विश्वास ठेवणारे बाप किती होते?

1868 साली कादंबरीचा पहिला भाग आला. एकरकमी मोबदला न घेता हक्क स्वतःकडे राखण्याचा प्रकाशकाचा सल्ला लुइझाने मानला आणि घराची जुनी कर्जे फिटली. तरीही भार उतरला नाही. थोरल्या बहिणीचे पती वारले, तेव्हा त्या मुलांसाठी तिने पुस्तक लिहिले. धाकटी बहीण बाळंतपणानंतर गेली, तेव्हा तिची तान्ही लेक सांभाळली. यादवी युद्धात परिचारिका असताना जडलेल्या आजाराने तिची प्रकृती कायमची ढासळली होती. वडील 4 मार्च 1888 रोजी निवर्तले. दोनच दिवसांनी लुइझाही गेली.

कादंबरीत तिने वडिलांना दूर युद्धावर धाडले आणि दारिद्र्याला परोपकाराचे कारण दिले. हा कन्येचा गौरव म्हणावा की मूक अभिप्राय? आदर्शवादी माणसे समाजाला हवीतच. मात्र त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न विसरू नये : त्यांच्या घरी चूल कोणाच्या श्रमावर पेटत होती? ते नावही त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहिले गेले पाहिजे.