घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल बदला

मामूंच्या मुलीच्या निकाहसाठी आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. पुढे आम्ही दोघे, मागे मुले आणि अब्बा. कोयनानगर मागे पडले आणि कुंभार्ली घाटाचा उतार सुरू झाला. घाई होती, म्हणून गियर खाली न घेता आम्ही सारखा ब्रेकच दाबत राहिलो. निम्मा घाट उतरल्यावर एका वळणावर पेडल एकदम मऊ लागले, स्पंजवर पाय पडावा तसे. भराभर दोन-तीनदा दाबले, गियर खाली घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढला, तेव्हा कुठे गाडी डोंगराच्या कडेला थांबली. मुलांना काही कळले नाही. अब्बांना कळले होते, पण ते गप्प राहिले.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट झाले. उरलेला घाट दुसऱ्या गियरमध्ये सावकाश उतरलो. मामूंचे गॅरेज आहे. त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीत पाहिले. आतले ऑइल चहासारखे काळपट झाले होते.

"हे शेवटचे कधी बदलले होते?" मामूंनी विचारले.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सात वर्षांत इंजिन ऑइल दर वर्षी बदलले; ब्रेक ऑइल एकदाही नाही.

ऑइल खराब का होते?

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. कोकणासारख्या दमट हवेत तर हे जास्तच होते. पेडलवरचा पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो, कारण द्रव दाबला जात नाही. पण सतत ब्रेक मारल्याने चाकाजवळचे भाग तापतात, ऑइलमधले पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल घट्ट लागते आणि माणूस निर्धास्त होतो. धोका नेमका इथेच आहे.

नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. कोणते घालायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. सिलिकॉनचे डॉट ५ यांत कधीही मिसळू नये.

घरी करताना

हे दोन माणसांचे काम आहे. एक चाकाशी, दुसरा पेडलवर. लागणारे सामान थोडेच : सीलबंद ऑइल सुमारे एक लिटर, निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली, जॅक आणि मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही काम करू नये.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, जमिनीवरच्या चाकांना ओंडके लावलेले. मागच्या चाकांचे काम करताना हँडब्रेक सोडलेला असावा. टाकीतले जुने ऑइल सिरिंजने काढा, पण टाकी पूर्ण रिकामी करू नका. नवे ऑइल भरा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत क्रम असा असतो : मागचे डावे चाक, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. तरी गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

निपल पुसून त्यावर पाना आणि नळी चढवा. नळीचे दुसरे टोक बाटलीत थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडलेले असावे. मग असे बोलणे चालते :

"दाब."

"दाबला."

चाकाशी बसलेल्याने निपल पाव फेरा सैल करायचा. जुने ऑइल बाहेर येते, पेडल खाली जाते. पेडल तसेच धरून ठेवायचे. निपल बंद झाल्यावरच "सोड" म्हणायचे. आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा "सोड" ऐकण्याआधीच पाय उचलला गेला, हवा आत ओढली गेली आणि ते चाक पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल पार तळापर्यंत गेले तर आतले जुने रबर फाटू शकते. पाच-सहा वेळा दाबल्यावर टाकी पाहायची. ती रिकामी झाली तर सगळीकडे हवा शिरते. नळीत बुडबुडे न येता स्वच्छ, फिकट ऑइल आले की पुढचे चाक.

कुठे थांबावे

निपल गंजून अडकले असेल तर जोर लावू नका, ते तुटते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर अनेक गाड्यांत गॅरेजमधले स्कॅनरच लागते. काम झाल्यावरही पेडल मऊ लागत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. पेडल घट्ट असेल तर इंजिन सुरू करून ते मिनिटभर दाबून धरा, कुठे गळती आहे का पाहा, आणि आधी अंगणातच हळू चालवून बघा. पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी असलेला बरा. आमच्या वेळी मामू उभे होते.

हे ऑइल विषारी आहे. मुलांना दूर ठेवा, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, गटारातही ओतू नका. गॅरेजमध्ये नेऊन द्या. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उडतो. उघडी राहिलेली बाटली पुढच्या खेपेला वापरू नका. तिनेही ओलावा घेतलेला असतो.

आता आमच्या गाडीच्या काचेवर आतून एक चिठ्ठी लावलेली असते, ब्रेक ऑइल बदलल्याच्या तारखेची. घाटात जायचे असले की अब्बा बसण्याआधी ती वाचतात. आपल्या गाडीचे ऑइल शेवटचे कधी बदलले हे आपल्याला आठवत नसेल, तर पुढच्या प्रवासाआधी टाकीत एकदा जरूर डोकवा.