दमा छातीत, मूळ नाकात?

डोकं दुखतं म्हणून ॲस्पिरिनची गोळी घ्यावी आणि तासा-दोन तासांत नाक गळू लागावं, डोळे लाल व्हावेत, छातीत घरघर सुरू व्हावी! काही दमेकऱ्यांच्या बाबतीत हे खरोखर घडतं. यांच्या नाकात मांसल कोंबही वाढलेले असतात. शस्त्रक्रियेने काढले तरी पुन्हा उगवणारे. वास तर अनेकांचा केव्हाच गेलेला असतो. फ्रान्समध्ये विदाल यांनी १९२२ मध्ये दमा, कोंब आणि ॲस्पिरिनचं वावडं या त्रिकुटाची नोंद केली, पण नाव चिकटलं ते १९६८ मध्ये त्यावर लिहिणाऱ्या मॅक्स सॅम्टर यांचं.

ही नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नव्हे. ॲस्पिरिन कॉक्स-१ हे विकर अडवतं. मग दाहाला लगाम घालणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ घटतं आणि श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्रिन्स बेसुमार तयार होतात. आयबुप्रोफेनही तेच करतं. ‘साधी पेनकिलर’ मेडिकलमधून परस्पर आणणं अशांना भलतंच महागात पडू शकतं.

नाक आणि फुप्फुसं यांचे डॉक्टर वेगळे, अस्तर मात्र सलग. त्वचेचंही या दोघांशी नातं आहे. दाह भडकवणाऱ्या इंटरल्युकिन-४ आणि १३ या रेणूंचे संदेश रोखणारं ड्युपिल्युमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये इसबासाठी, २०१८ मध्ये दम्यासाठी आणि २०१९ मध्ये नाकातल्या कोंबांसाठी मंजूर झालं. औषध एकच, खाती तीन!

अर्थात, सगळाच दमा या घराण्यातला नसतो. लठ्ठपणासोबत उतारवयात सुरू होणाऱ्या दम्यात अशा दाहाची खूण असलेल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा फारशा वाढलेल्या नसतात, आणि तिथे हे महागडं इंजेक्शन सहसा कामी येत नाही.