परसातली भाजी आणि पाककृतीचं पुस्तक: काही पक्क्या समजुती

विदर्भातल्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात घराला लागून चार वाफे असणं ही काही नवलाई नाही. संत्र्याची कलमं लहान असतात तोवर ओळींमधल्या रिकाम्या जागेत भाजीपाला निघतो, आणि शेत नसलं तरी मागच्या अंगणात वांगी, वाल, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर एवढं सहज येतं. अशा घरात पाककृतीचं पुस्तक घ्यायची वेळ आली की बहुतेक जण पानं मोजतात. हजार पाककृतींचं पुस्तक पाचशेंपेक्षा दुप्पट कामाचं, असा हिशेब असतो. हा पहिला गैरसमज, आणि बाकीचे बरेचसे त्याच्याच पोटातून निघतात. बाजारावर चालणारं स्वयंपाकघर आधी पदार्थ ठरवतं आणि मग सामान आणतं. परसबागेवर चालणाऱ्या घरात टोपलीत काय निघालं यावर पदार्थ ठरतो. डिसेंबरमध्ये वांगी आली की रोज येतात, आणि पंधरा दिवसांनी घरातली माणसं वांग्याकडे बघायला तयार नसतात. त्या वेळी हजार पाककृती कामी येत नाहीत. वांग्याच्या आठ-दहा खरोखर वेगळ्या वाटा एका जागी सापडल्या तर पुरे होतं. आपली बरीच मराठी पुस्तकं मात्र आमट्या, सुक्या भाज्या, कोशिंबिरी, भाताचे प्रकार, पक्वान्नं अशा क्रमानं लावलेली असतात, त्यामुळे वांगं पाच प्रकरणांत विखुरतं. शेवटी भाजीवार सूची असेल तर ही अडचण दूर होते. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर आधी शेवटची पानं उघडावीत, रंगीत फोटो नंतर बघावेत.

दुसरी समजूत मापांची. माप काटेकोर असेल तर पदार्थ चुकत नाही असं आपण धरून चालतो. करंजी, अनारसे, केक यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, कारण पीठ, साखर, तूप यांचे गुण फारसे बदलत नाहीत. ताज्या भाजीचं तसं नाही. बटाट्यात साधारण 80 टक्के पाणी असतं, दुधीत 95 टक्क्यांच्या वर. आणि एकाच वेलावरचा कोवळा दुधी नि आठ दिवस जास्त राहिलेला दुधी शिजताना दोन वेगळ्या भाज्यांसारखे वागतात. त्यात पुस्तकातलं माप बाजाराचं असतं. ‘एक जुडी मेथी’ म्हणजे किती? वाफ्यातून खुडलेल्या मेथीला जुडी नसते, आणि कोवळ्या पानांचं भरलेलं पातेलं कढईत दोन मिनिटांत वाटीभर होतं. ढीग बघून आधीच मीठ घातलं की भाजी खारट होणार हे ठरलेलं. जाणतं पुस्तक इथे सांगतं की पानं खाली बसू द्या, सुटलेलं पाणी आटू द्या, मग मीठ घाला. या एका वाक्याचं मोल नेमक्या ग्रॅमपेक्षा जास्त आहे. भेंडीची तार कधी तुटते, वाल बोटांत दाबल्यावर कसा लागायला हवा, भरताचं वांगं देठापाशी मऊ झालं की नाही हे कसं ओळखायचं, अशा खुणा जो लेखक लिहितो तो भाजी शिकवतो. ‘दहा मिनिटं शिजवा’ एवढंच लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या गॅसवरची, स्वतःच्या बाजारातली भाजी असते.

माप नसेल तर नवशिक्यानं काय करायचं, हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मराठीत 1970 सालीच मिळालं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं घरातल्या वाटी-चमच्याची भाषा वापरली, आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलींना आधार दिला. पुस्तकाचा खप लाखावर गेला तो त्यामुळेच. वाटी प्रत्येक घरात वेगळी असली तरी एकाच वाटीनं सगळं मोजलं की प्रमाण राहतं, आणि भाजीला तेवढी शिस्त पुरते. तेव्हा मापं टाकून द्या असं म्हणणं नाही. पण मापाच्या जोडीला खूणही असावी.

‘रुचिरा’चं नाव आलं की तिसरा गैरसमज समोर येतो: गाजलेलं पुस्तक कुठल्याही मराठी घराला चालतं. पाककृतीचं पुस्तक विशिष्ट गावच्या, विशिष्ट घरच्या चुलीवरून आलेलं असतं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 साली छापलं गेलं, तेव्हापासून आपली बरीच नामांकित पुस्तकं पुणे, मुंबई, सांगली, कोकण या बाजूच्या सुशिक्षित घरांतून आली. त्यांत ओला नारळ हाताशी आहे असं गृहीत असतं, गोडा मसाला असतो, भाजीत गूळ असतो. काटोलच्या रश्श्याला सुकं खोबरं, खसखस, तीळ, शेंगदाणे, जवस यांचा आधार. याहून महत्त्वाचं म्हणजे इथल्या मातीतल्या कितीतरी भाज्या त्या पुस्तकांत अभावानंच भेटतात. पहिल्या पावसानंतरचा कोवळा तरोटा, उन्हाळ्यातली चिवळ, डाळ आणि कण्या घालून केलेली अंबाडी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, वांगी आणि पोपटाच्या शेंगा. जे पदार्थ लिहिणाऱ्यांच्या घरी शिजत नव्हते ते छापले गेले नाहीत, एवढंच त्याचं कारण. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मधून मराठवाड्यातल्या दलित घरांचं जेवण लिहून काढलं, तेव्हा छापील पाकशास्त्रातून किती मोठी ताटं बाहेर राहिली होती ते पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. विदर्भाच्या वाट्याला तर याची उलटी बाजूही आली. नागपूरच्या कोष्टी समाजाचं सावजी जेवण इतकं गाजलं की वऱ्हाड-नागपूरचं खाणं म्हणजे जाळ आणि तर्री अशी बाहेर समजूत झाली, आणि ‘वैदर्भीय’ म्हणून विकली जाणारी पुस्तकं त्याच वाटेनं जायला लागली. ज्याच्या परसात पालेभाजी आहे त्याला त्या पुस्तकाचा उपयोग थोडा.

नावांचाही घोळ होतो, आणि त्यात पदार्थच बिघडतो. इकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. पुण्याच्या पुस्तकातला कोहळा पांढरा, पेठ्याचा. त्या पुस्तकातली कोहळ्याची वडी इकडच्या कोहळ्याची केली तर रंग, पाणी, साखरेचं प्रमाण सगळंच चुकणार. भाजीची दोन-तीन प्रांतांतली नावं देणारं पुस्तक म्हणून वरचढ ठरतं.

मग फक्त विदर्भाचंच पुस्तक घ्यावं का? तसंही नाही. स्थानिक पुस्तक काय करायचं ते सांगतं. ते तसं का करायचं हे चांगल्या पायाभूत पुस्तकातून कळतं, मग ते कुठलंही असो. अळूचं, म्हणजे आपल्या धोप्याचं पान घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून ते नीट शिजवायचं आणि सोबत चिंच घालायची. हे समजलं की कोकणातलं फदफदं आणि इथल्या धोप्याच्या वड्या दोन्ही हाताला येतात.

चौथी समजूत सगळ्यांत जास्त नुकसान करते: भाजी ताजी असली की तिला काही करावं लागत नाही, पुस्तकाची गरजच काय! वस्तुस्थिती अशी की ताज्या भाजीची वेळ फार थोडी असते. हिरवा वाटाणा तोडल्यापासून त्याच्यातली साखर पिठात बदलू लागते. तुरीच्या सोल्यांचंही तेच. डिसेंबर-जानेवारीत शेंग भरलेली पण हिरवी असते तेव्हा सोललेला दाणा फोडणीत टाकून तांदळाबरोबर शिजतो आणि सोलेभात गोडसर होतो. शेंगेवर पिवळसरपणा आला की साल चिवट होते, तोच दाणा भाताबरोबर शिजत नाही, वेगळा उकडून घ्यावा लागतो. वाळलेल्या डाळीवर बेतलेलं पुस्तक हा फरक सांगूच शकत नाही. भाजीचा हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा घाला, हा सल्लाही अनेक पुस्तकांत सापडतो. रंग टिकतो हे खरं, पण सोड्यानं भाजी गिळगिळीत होते आणि क जीवनसत्त्व व थायमिन नष्ट होतं. रंग जातो तो आंबटामुळे. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम आम्लानं निघून जातं आणि पान खाकी पडतं. म्हणून पालेभाजी सुरुवातीला झाकण न ठेवता परतावी, चिंच-टमाटर शेवटी घालावं. आंबट आधी पडलं तर गवार, बटाटाही लवकर मऊ होत नाही. पुस्तक सोड्याकडे वळतं की या क्रमाकडे, एवढं पाहिलं तरी लेखकाची जाण कळते.

बागेच्या भाजीत एक धोकाही आहे, आणि तो सांगणारी पुस्तकं विरळ. पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा रानटी जातीशी झालेला संकर यामुळे दुधी, काकडी, दोडका कधी कधी विषारी कडू निघतात. हा कडवटपणा कुकुर्बिटासिनचा. तो शिजवून जात नाही, मीठ लावूनही जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्यानं माणसं दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं नेमलेल्या समितीनं असा रस अजिबात पिऊ नये असं बजावलं. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नये. घरच्या दुधीची चकती आधी जिभेला लावून बघा आणि कडू लागली तर अख्खा टाकून द्या, एवढं लिहिणारं पुस्तक मी दहा सुंदर फोटोंच्या वर ठेवीन.

प्रत्येक पाककृतीखाली छापलेल्या कॅलरी आणि मिलिग्रॅमच्या आकड्यांवर फार विसंबू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली 528 अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यासाठी देशाच्या सहा विभागांतून नमुने घेतले. विभाग बदलला की एकाच भाजीचे आकडे बदलतात म्हणूनच तो खटाटोप. आपल्या वाफ्यातल्या पालकाचा अचूक आकडा कुठल्याही पुस्तकात नसतो.

आजीला कुठं पुस्तक लागलं, असं विचारलं जातं. आजीला शिकवायला तिची सासू चुलीपाशी होती, आणि दोघींच्या भाज्या त्याच होत्या. आज पुण्याहून काटोलला आलेल्या सुनेला अंबाडी माहीत नसते, काटोलच्या मुलाला नोकरीच्या गावी स्वतः रांधावं लागतं. मोबाइलवरचे व्हिडिओ मदत करतात, पण त्यांत एक पदार्थ एकदाच नीट जमलेला दिसतो. भाजी जून निघाली, कमी निघाली, जास्त निघाली तर काय, हे सांगायला लेखकाला सवडीनं लिहावं लागतं. पैसे घालण्याआधी सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक आणून त्या आठवड्यात निघालेल्या भाजीचे दोन-तीन पदार्थ करून बघावेत. पाण्याचा, मिठाचा, वेळेचा अंदाज जमला तरच विकत घ्यावं.

जास्तीच्या भाजीचं प्रकरण त्यात आहे का, तेही पाहावं. भाजीचा सुकाळ हिवाळ्यात आणि वाळवणाचं कडक ऊन एप्रिल-मेमध्ये, ही इकडची अडचण आहे. तेव्हा मेथी सावलीत कशी वाळवायची, लोणच्यात भाजीच्या वजनाला मीठ किती, हे स्पष्ट हवं. ‘तेलात बुडवलं की टिकतं’ असं सरसकट लिहिलेलं पुस्तक मात्र परत ठेवावं. तेल हवा अडवतं, आणि बोट्युलिझमचे जंतू वाढतात ते हवा नसलेल्या जागीच. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबट यांच्या जोरावर. ताजा लसूण किंवा भाजलेली वांगी नुसत्या तेलात घालून महिनाभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. तसं काही केलंच तर फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावं.