चिठ्ठीवरचे नाव

नारायणगुड्यात, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ उभ्या असलेल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आमच्या स्नेह्यांचे घर आहे. गेल्या दिवाळीत तेथे फराळ चालू असता मुलांनी एक खेळ मांडला. लहानथोर सर्वांनी चिठ्ठीवर एक नाव लिहावयाचे. ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या अधिक, त्याने 'घराबाहेर' जावयाचे. चिठ्ठ्या उघडल्या, तो बहुतेकांवर घरातील वृद्ध आत्याबाईंचेच नाव! मुलांनी टाळ्या पिटल्या. "बरं बाई, निघते मी," असे हसत म्हणून आत्याबाई उठल्या आणि सज्जात जाऊन बसल्या. पुष्कळ वेळ त्या आत आल्या नाहीत.

हा खेळ मुलांना कोणी शिकविला, हे विचारण्याचे कारणच नव्हते. हॉलंडमध्ये १९९९ साली 'बिग ब्रदर' या नावाने निघालेला कार्यक्रम 'बिग बॉस' होऊन २००६ साली हिंदीत, २०१७ साली तेलुगूत आणि २०१८ साली मराठीत अवतरला. आम्हां हैदराबादकरांना तिन्ही भाषा कळतात, तेव्हा आमची सुटका कोठून होणार?

मनाशी खेळणारे कपट आपल्या रंगभूमीला नवे नाही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त एका हातरुमालाच्या आधारे पतीच्या मनात संशयाचे विष कालविले जाते. तेच नाटक देवलांनी 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणले आणि पुढे 'संशयकल्लोळा'त त्याच संशयावर प्रेक्षकांना पोटभर हसविले. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधील (१९६२) लखोबा लोखंडे नावे आणि वेष पालटून भल्याभल्यांना फसवितो. प्रभाकर पणशीकरांनी रंगविलेला तो लखोबा अजूनही लोकांच्या बोलण्यात आहे.

मग आज आक्षेप कशाला? नाटकात कपटी माणसाचा डाव प्रेक्षकाला दिसत असतो, म्हणून तो सावध होऊन घरी परततो. शिवाय पडदा पडला की मेलेली नायिका उठून उभी राहते. येथे माणसे खरी असतात. घड्याळ, वृत्तपत्र, दूरध्वनी काढून घेऊन त्यांना एका घरात कोंडतात आणि कालच्या मित्राचेच नाव आज बाहेर काढण्यासाठी घ्यावयास लावतात. दिवसरात्रीच्या चित्रणातून तासाभराचा भाग कापून जोडला जातो. कोणाच्या वाक्यानंतर कोणाचा चेहरा दाखवावयाचा, हे संकलक ठरवितो. आणि अमका दुष्ट, तमका गरीब, असा निवाडा आपण मोठ्या विश्वासाने करतो. म्हणजे डाव केवळ आतल्यांवर नव्हे, आपल्यावरही चाललेला असतो.

तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) हे फार आधी दाखविले होते. लुटुपुटीचा खटला म्हणून सुरू झालेला खेळ हळूहळू बेणारेबाईंचे खरे आयुष्य चव्हाट्यावर मांडतो आणि खेळणाऱ्या सभ्य मंडळींपैकी कोणालाही तो थांबवावासा वाटत नाही. खेळ आहे, एवढी सबब त्यांना पुरते.

आत्याबाईंचेच नाव का निघाले, याचा आम्ही नंतर विचार केला. त्यांच्यावर कोणाचा राग नव्हता. त्या रागावणार नाहीत, उलट उत्तर देणार नाहीत, एवढेच प्रत्येकाने हेरले होते. दुबळी जागा शोधण्याची ही विद्या पडद्यावरून दिवाणखान्यात कधी उतरली, ते कळलेही नाही.

मुलांना बोल लावून हा लेख संपविणे सोपे होते. परंतु वाचकहो, त्या चिठ्ठ्यांत एक आमच्या हातची होती.