कॉलेज जवळचे की मुंबईचे?

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की बदलापूर गावातही प्रश्न तोच : फायनान्समध्ये जायचे, तर कॉलेज जवळचे घ्यावे की मुंबईचे?

उल्हासनगरचे सी.एच.एम. काय किंवा माटुंग्याचे पोदार काय, पदवी मुंबई विद्यापीठाचीच. फरक पडतो तो सोबत्यांत आणि मुलाखतीला येणाऱ्या कंपन्यांत. पण त्याची किंमतही आहे. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर; जाऊन-येऊन तीन तास तरी प्रवासात जातात.

सी.ए. व्हायचे असेल, तर कॉलेजचे नाव गौण. परीक्षा देशभर एकच असते. प्रवासाचे वाचलेले तास अभ्यासाला द्यावेत. इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचे असेल, तर मात्र संस्थेचे नाव विचारले जाते. तरीही ती संधी पदवीनंतर पुन्हा येते. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत एम.बी.ए.ला प्रवेश मिळतो तो सीईटीच्या गुणांवर, पदवीच्या कॉलेजवर नव्हे. शेअर बाजाराचेच शिक्षण हवे, तर सेबीने स्थापन केलेल्या एन.आय.एस.एम.चा परिसर आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे.

तेव्हा पालकहो, माहितीपुस्तिकेतली छायाचित्रे पाहून फॉर्म भरू नका. गेल्या वर्षी किती मुलांना, कुठे आणि कोणत्या कामावर नोकरी लागली, एवढे कॉलेजात जाऊन विचारा.